कोंबडीच्या काळजाशेजारी

“कोंबडी पुरली? कुठं पुरलीस, आये?” कमळाकरने पिशवी ओट्यावर आदळली, तशी आतली, अवयव टिकवायच्या फॉर्मलिनची बाटली खणकन वाजली.

“शिवंबाहेर, काल सांजंला,” ठकूबाई सुपातले तांदूळ निवडत म्हणाली. “मान टाकली होती रं तिनं. मानमोडीची साथच ती. साऱ्या कोंडाणे गावच्या कोंबड्या मेल्या असत्या, मंग लोकांनी मला सोडली असती व्हय?”

कमळाकरने कपाळावर हात मारून घेतला. मानमोडी कसली डोंबलाची! त्यानेच भूल देऊन तिच्या मानेतला डावा मज्जातंतू तोडला होता. माणसाच्या गळ्यात रक्तातला प्राणवायू जोखणारी एक इवलीशी गाठ असते. पाखरांत ती खाली छातीत, काळजाशेजारी जाऊन बसते, जेमतेम मोहरीएवढी. तिला मज्जातंतूंचे धागे कुठून येतात, वर मानेत तोडल्यावर त्यातले कोणते मरतात नि कोणते तगतात, हा त्याचा प्रश्न. पीएच.डी.साठी बहात्तर साली घेतलेल्या या विषयाने त्याला पार पिळून काढलं होतं. आधीच्या कोंबड्या टाके घातल्यावर टिकल्याच नाहीत. ही एक टिकली. कॉलेजात ठेवायला जागा नव्हती म्हणून घरी आणली होती, आणि आज तिची छाती उघडायची होती. या खेपेला धागा दाखवा, नाहीतर विषय सोडा, असं मार्गदर्शक सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

“बजावलं होतं ना, सुरी लावू नको म्हणून?”

“कुठं लावली? पोत्यात घालून तोंड आवळलं, आपसूक गेली. तुझं कायतरी मानेतलं असतं, ठावं हाय मला. मानेला धक्का नाय लावला.”

संतापाने कमळाकरचे डोळे भरून आले. बाटली आणि कुदळ घेऊन तो तरातरा शिवेकडे निघाला.

कुदळीची गरजच पडली नाही. कोल्ह्याने आधीच उकरलं होतं. छाती, पोट, सगळं फस्त. टाके घातलेली मान तेवढी मातीत पडली होती.

मागून ठकूबाई धापा टाकत आली. वाकून बघताच तिचा चेहरा खुलला. “ही काय मान! शाबूत हाय की रं. उगा तापलास माज्यावर.”

त्याच्या तोंडाशी शब्द आले होते. पण ती छातीवर हात धरून उभी होती, चढ चढून तिला पुढं बोलवत नव्हतं.

कमळाकरने मान उचलली, तिच्यावरची माती झाडली, बाटलीत सोडली आणि बूच घट्ट बसवलं.

“हाय, आये,” तो म्हणाला. “चल घरी.”