साबणगल्लीचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हंडा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या भट्टीत माझा जन्म झाला आणि बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून घेत मी कॅन्ससच्या माळावर आलो. फोर्ट ब्रॅनकच्या शिपायांचे घामट शर्ट मी वर्षानुवर्षं उकळले. माझी मालकीण होनोरा, एका आयरिश शिपायाची विधवा. माझ्या जिवावर तिने तीन लेकरं वाढवली.

किल्ल्याबाहेर परटिणींच्या झोपड्या होत्या, तीच साबणगल्ली. तिच्या शेजारी लोहार आला, पाववाला आला, प्रुइटशेठचं दुकान आलं आणि बघता बघता गाव वसलं. मग एके दिवशी फौज बिऱ्हाड आवरून पश्चिमेला निघून गेली.

"होनोराबाई, आता काय गवताचे शर्ट धुणार?" प्रुइटशेठनी विचारलं.

"तुमचे आहेत ना, शेठ! ते धुवायलाच आठवडा पुरायचा नाही."

वा रे माझी बाई! ती हलली नाही, म्हणून बाकीचेही राहिले.

त्याच वर्षी, पानगळीच्या दिवसांत, माळाला वणवा लागला. वार सोमवार, म्हणजे धुण्याचा दिवस. अख्ख्या गावाच्या चादरी ओल्या होत्या. होनोराने त्या दोरीवरून ओढल्या. "घ्या एकेक आणि झोडपा आग!"

"अहो, ती आमच्या लग्नातली चादर आहे!" प्रुइटशेठ कळवळले.

"घर राहिलं तर अंथराल ना!"

चादरी सुकल्या की लोक धावत येऊन त्या माझ्यात बुडवत. होता होता माझं पाणी संपलं. खाली जाळ तसाच, मी नुसता धगधगत होतो. अख्खी चादर बुडेल असं दुसरं भांडं हाताशी नव्हतं, आणि दुकानातून आणायला वेळ नव्हता. थंड पाणी ओतलं तर मी फुटणार, आणि मी फुटलो तर घरची चूल बंद, हे होनोराला पक्कं ठाऊक होतं. ती क्षणभर थबकली.

"माफ कर रे बाबा," म्हणाली आणि विहिरीचं पाणी माझ्यात ओतलं.

कडाड्! माझ्या पोटाला उभा तडा गेला. पाणी गळत होतं, तरी चादरी भिजत होत्या. वणवा साबणगल्लीच्या तोंडाशी विझला.

संध्याकाळी होनोरा माझ्यापाशी बसून ढसाढसा रडली. सकाळी प्रुइटशेठ खांद्यावर मळक्या कपड्यांचं गाठोडं टाकून दुकानातला सर्वांत मोठा नवा हंडा स्वतः गडगडवत घेऊन आले. "धुणं आणलंय, होनोराबाई," एवढंच म्हणाले.

आता मी चौकात असतो. मुलं माझ्यात आइस्क्रीमचे कागद टाकतात. यंदाच्या जत्रेआधी मला सांधून, रंगवून नवा करायचा बेत आहे म्हणे. मित्रांनो, कागद काढा, गंज घासा, तेलाचा हात फिरवा. पण तो तडा तेवढा बुजवू नका. लेकरांच्या तोंडचा घास पणाला लावून एका परटिणीने हे गाव राखलं, त्याची गावात तेवढीच खूण उरली आहे.