खाली म्हणजे समुद्राकडे

नदीवर सासऱ्यांचा एकच धर्म होता: ‘खाली’ म्हणजे समुद्राकडे, ‘वर’ म्हणजे उगमाकडे. भरतीचं पाणी उलटं शिरून उगमाकडे धावू लागलं, तरी ‘खाली’नं जागचं हलायचं नाही. कुणी चुकला की म्हातारा चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करायचा. सुनेला धक्क्यावरच्या वायरलेसवर बसवलं, तेव्हा तिच्याकडूनही त्यांनी हे घोकून घेतलं होतं.

आज दाट धुक्यात धाकट्या दिराच्या होडीचं इंजिन बंद पडलं. शहरातली नोकरी सोडून पठ्ठ्या नुकताच नदीवर आलेला. “वहिनी, मी वाहत चाललोय! खाली... झपाट्यानं खाली!” एवढं बोलला आणि त्याचा वायरलेस मुका झाला.

तिनं सांगताच सासऱ्यांनी लाँच समुद्राकडे काढली. भरती नुकतीच लागली होती, पण मधल्या धारेत ओहोटीची ओढ अजून असणार, असा त्यांचा हिशेब. पोरगा खाली म्हणाला ना? मग खालीच.

सुनेला मात्र वेगळंच आठवलं. परवाच दीर धक्क्यावर संत्रं सोलत बसला होता. साल पाण्यात टाकून म्हणाला, “बघ वहिनी, कसं पळतंय खाली!” तेव्हाही भरतीच होती, आणि साल पुलाकडे, म्हणजे वर चाललं होतं. ती नुसती हसली होती. आजही त्यानं तसंच म्हटलं असेल, तर होडी पुलाच्या खांबांवर आपटून तिचा चुराडा होणार. तसं नसेल, तर तिच्या शब्दाखातर लाँच वर जाईल आणि पोरगा समुद्राच्या घशात. लाँच तर एकच.

ज्यांच्यासमोर कधी ब्र काढला नव्हता, त्यांना ती वायरलेसवर म्हणाली, “बाबा, लाँच फिरवा. भावजी वर गेलेत, पुलाकडे.”

“अगं, तो खाली म्हणाला ना?”

“पाणी जाईल ते खाली, असं वाटतं त्यांना. मी पाहिलंय. माझं ऐका, बाबा, पाया पडते!”

“आणि चुकलीस तर?”

तिनं बोलायचं बटण सोडलं. पलीकडे नुसती खरखर चालली होती. मग धक्क्यासमोरून लाँचचा आवाज गेला, पुलाच्या दिशेनं. आता तिला जास्तच भीती वाटू लागली.

बऱ्याच वेळानं वायरलेसवर एकदम गलका उसळला. म्हातारा घाईत बटण सोडायचंच विसरला असावा.

“दोर धर! अरे धर, गाढवा! खांब आला, पाय आत घे!”

काहीतरी कडाडलं. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. मग कुणीतरी खोकलं, आणि दात वाजवत दिराचा आवाज आला, “बाबा, मी सांगितलं होतं ना वहिनीला, खाली चाललोय म्हणून?”

तिनं डोळे मिटून घेतले. आता पोराची हजेरी घेतली जाणार.

“हो रे बाळा,” म्हातारा रडत म्हणाला, “खालीच होतास.”