कबरस्तानात गाणारी पायपेटी

मित्रांनो, आवाज घोगरा आहे म्हणून नाक मुरडू नका. मी एक जुनी पायपेटी आहे आणि आमच्या चर्चमध्ये माझ्याइतकं कुणीच गायलेलं नाही! सुताराने लाकूड तासून मला घडवलं, पोटात कातड्याचा भाता बसवला. पायांनी पेडल दाबलं की भात्यात हवा भरते आणि मी गाऊ लागते.

मला वाजवायच्या त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. मशीनही पायाने, मीही पायाने. "माझा जन्म पाय हलवण्यातच गेला गं बाई!" असं त्या म्हणायच्या. दर ईस्टरला पहाटे त्यांचे यजमान, आमचे काका, मला हातगाडीवरून कबरस्तानात न्यायचे. सगळी मंडळी कबरींमध्ये उभी राहून येशू मरणातून उठला म्हणून गायची. काय तो थाट!

एका हिवाळ्यात काका गेले. येत्या ईस्टरला त्यांच्या कबरीपाशी गायचं, एवढीच मावशींची आस उरली.

तेवढ्यात चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. तरुण, अभ्यासू आणि शब्दाचे पक्के. ईस्टरला सात आठवडे असताना त्यांनी जाहीर केलं, "ईस्टर पाळा असं शास्त्रात कुठेच सांगितलेलं नाही. सण माणसांनी ठरवले. आपल्याला प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच."

मावशी उठल्या. मला वाटलं, आता जुंपणार!

"प्रत्येक रविवार, साहेब?"

"प्रत्येक, मावशी."

"सगळे सारखेच?"

"अगदी सारखे."

"मग पुढच्या रविवारी पहाटे कबरस्तानात या. ईस्टरला करायचो ते आता दर रविवारी करू!"

चर्चभर हशा पिकला. पाळक स्वतःच्याच शब्दांत अडकले होते. पण माणूस खरा, मुकाट्याने आले.

पहिल्या रविवारी गर्दी झाली. तिसऱ्या रविवारी, काकांच्या जागी आता गाडी ढकलणारे शेजारचे बेकरीवाले कुरकुरले, "मावशी, वर्षातून एकदाच बरं होतं हो!" सहाव्या रविवारी आम्ही चौघेच उरलो: मावशी, पाळक, बेकरीवाले आणि मी.

मावशी हसून म्हणाल्या, "साहेब, रोज मेजवानी झाली की चव जाते. दर रविवारी ईस्टर नको, हे पटलं मला."

पाळक काकांच्या कबरीकडे बघत होते. "मावशी, मी पुस्तकं खूप वाचली. पण ज्याचं माणूस इथे झोपलंय, त्याच्या शेजारी उभा राहून कधी गायलो नव्हतो."

त्याच सकाळी चर्चमध्ये त्यांनी मंडळीला सांगितलं, "सण पाळा असं लिहिलेलं नाही, हे माझं मत आजही तेच आहे. पण पाळू नका असंही लिहिलेलं नाही. ज्याला यायचं त्याने यावं. न येणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत."

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि ऐन गाण्यात माझ्या पेडलचा पट्टा तुटला! सूर बसला. मावशींची बोटं थांबली.

पाळक ओल्या गवतात गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी तुटका पट्टा धरून माझा भाता ओढू लागले. "वाजवा, मावशी! थांबू नका!"

अहाहा! अशी मी जन्मात कधी गायले नव्हते. मावशी वाजवता वाजवता कबरीकडे वळून ओरडल्या, "अहो, ऐकताय ना?"

मित्रांनो, सण पाळायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण गाणाऱ्याला अडवू नका आणि माझ्यासारखीला कोपऱ्यात धूळ खात ठेवू नका. पट्टा तुटला तर नवा लावा, दव पडलं तर पुसा. आणि मरण हरलं असं ज्या दिवशी मनापासून वाटेल, त्या दिवशी मला बाहेर काढा आणि दणकून वाजवा!