नागमोडी रांगेतल्या विहिणी

रांग म्हटली की गाडीबाईंचं डोकं उठायचं. मोटार शिकवण्याचा त्यांचा स्वतःचा क्लास होता, निम्मं शहर त्यांनी रस्त्यावर आणलेलं, म्हणजे चांगल्या अर्थाने, पण इतकी वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसूनही सबुरी म्हणून कशी ती त्यांच्या अंगात शिरली नव्हती. त्यात आज विमानतळावर सामान तपासायची दोन यंत्रं बंद, चालू एकच, आणि त्या एकापुढे ही गर्दी लोटलेली. खांब लावून, पट्ट्या ताणून रांगेला अशी वळणं दिली होती की कितीही चालावं आणि निघालो तिथेच परत यावं. ज्याने ही वळणं आखली त्याला एकदा आपल्या क्लासला बसवला पाहिजे, असं गाडीबाई मनातल्या मनात म्हणाल्या. मनातल्या मनात म्हणजे पुढच्या चार माणसांना ऐकू जाईल इतपत.

एरवी त्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लेकीचे दिवस भरले होते. बाळ आडवं, डॉक्टरांनी उद्या सकाळी ऑपरेशन करायचं ठरवलेलं, आणि लेक फोनवर म्हणाली होती की आई, तू पोचल्याशिवाय मी आत जाणार नाही. लेकीच्या शहराला जाणारं आज एवढं एकच विमान उरलं होतं. हे चुकलं तर लेक ऑपरेशनला जाणार आणि आई कुठे, तर या पट्ट्यांमध्ये गोल गोल फिरत असणार. गाडीबाई सारख्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि त्याला दम देत होत्या.

एका वळणावर त्यांनी मान वर केली, आणि पट्टीच्या पलीकडच्या ओळीतून साक्षात विहीणबाई समोर येताना दिसल्या. जावयाची आई. कडक इस्त्रीचे कपडे, केस न् केस जागच्या जागी, हातात छोटी निळी बॅग. गाडीबाई काय समजायचं ते समजल्या. जावयाने दोघींची तिकिटं एकाच विमानाची काढली होती आणि दोघींनाही पत्ता लागू दिला नव्हता. दिसायला गरीब, पण चांगलाच आतल्या गाठीचा निघाला.

कारण या दोघी विहिणींमध्ये गेलं वर्षभर बोलणं बंद होतं. त्याचं असं झालं. गाडीबाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आठवडाभर त्या दवाखान्यात पडून होत्या. ओळखीपाळखीची सगळी माणसं येऊन गेली. चाचणीत सारखा नापास होणारा एक न्हावी होता, तोसुद्धा सफरचंदं घेऊन आला. विहीणबाई तेवढ्या फिरकल्या नाहीत. घर तिथून हाकेच्या अंतरावर. बरं, फोन नाही, निरोप नाही. गाडीबाईंनी ते असं मनाला लावून घेतलं की लेकीने मध्ये पडून बघितलं तेव्हा तिलाच बजावलं, तुझ्या सासूचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही.

आता नागमोडी रांगेची एक गंमत असते. साध्या रांगेत तुम्हाला पुढच्याची पाठ दिसते आणि विषय संपतो. इथे ज्याचं तोंड बघायचं नाही तोच माणूस दर वळणाला नाकासमोरून जातो. पहिल्या खेपेला गाडीबाईंनी छताचे दिवे निरखले आणि विहीणबाईंनी आपल्याच बॅगेची चेन तपासली. दोघी हातभर अंतरावरून एकमेकींना ओलांडून गेल्या आणि कुणी कुणाला पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र गाडीबाईंना काहीतरी खटकलं. विहीणबाई चांगल्या पुढे होत्या, मग एवढ्यात परत समोर कशा? त्यांनी मान वळवून नीट बघितलं, तर विहीणबाई मागच्या माणसाला हाताने खुणावत होत्या, तुम्ही व्हा पुढे. तो गेला की त्याच्या मागच्या बाईला. ज्या रांगेत लोक बोटभर जागेसाठी एकमेकांच्या टाचा तुडवत होते, त्या रांगेत ही बाई आपली जागा वाटत सुटली होती. गाडीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काय हा मोठेपणा! सून तिकडे डोळे लावून बसलीय आणि सासूबाई इथे दानधर्म करतायत. विमान जसं काही यांच्यासाठी खोळंबून राहणार आहे.

तिसऱ्या खेपेला त्यांना राहवलं नाही. तुम्हाला घाई दिसत नाही, असं त्या समोर बघतच म्हणाल्या. आहे की, असं विहीणबाई म्हणाल्या, आणि रांगेने दोघींना दोन दिशांना नेलं.

एकदा उघडलेलं तोंड गाडीबाईंना मिटता येत नसे. पुढच्या वळणापर्यंत त्यांनी वर्षभराचा सगळा मजकूर गोळा केला, घोळवून घोळवून पक्का केला, आणि विहीणबाई समोर येताच सोडून दिला. आठवडाभर मी दवाखान्यात पडले होते. तुम्ही एकदाही जिना चढला नाहीत. माणूस शेजाऱ्याच्या मांजराचीसुद्धा चौकशी करतो. विहीणबाईंचे ओठ हलले, पण तेवढ्यात रांग सरकली आणि उत्तर पलीकडेच राहिलं.

गाडीबाईंच्या मागे एक टक्कल पडलेले गृहस्थ बिस्किटं खात उभे होते, आणि पुढे पाठीला गिटार लावलेला एक तरुण. आपण काहीच ऐकत नाही असं सोंग दोघांनी इतकं मन लावून वठवलं की कुणालाही कळावं. पुढच्या वेळी विहिणी समोरासमोर आल्या, तर पुढे मोकळी जागा असूनही गिटारवाला जागचा हलेना. मागून आरडाओरडा झाला.

“जरा थांबा हो,” टक्कलवाल्या गृहस्थांनी मागच्यांना सांगितलं. “त्या उत्तर देतायत.”

विहीणबाई पट्टीजवळ सरकल्या.

“आले होते,” त्या म्हणाल्या. “तीनदा आले. फाटकाच्या आत पाऊलच उचलेना. हे गेले ते तिथेच ना.”

गाडीबाईंचा पुढचा मजकूर तयार होता, तो फुकट गेला. खरंच की. व्याही गेले ते त्याच दवाखान्यात, गाडीबाईंच्या ऑपरेशनच्या आधी काही महिने. त्या स्वतः तेव्हा भेटायला गेल्या होत्या, खुर्ची ओढून बसल्या होत्या. आणि वर्षभरात हे एकदाही डोक्यात येऊ नये? आपण पलंगावर पडून दाराकडे बघत विहिणीला नावं ठेवत होतो, आणि ती खाली फाटकाशी उभी होती. गाडीबाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. आणि राग आला की त्या नेहमी जे करत तेच त्यांनी केलं, म्हणजे समोरच्यावर खेकसल्या.

“मग तसं सांगायचं होतं.”

“काय सांगायचं? भीती वाटते म्हणून? तुम्हाला?”

गिटारवाल्याने मान खाली घातली आणि रांग मुकाट पुढे सरकली.

शेवटच्या वळणाला विहीणबाईंनी इतक्या जणांना पुढे काढलं होतं की आता दोघींच्या मध्ये तो गिटारवाला तेवढा उरला होता. त्यांनी त्यालाही वाट दिली. मग अंग चोरून बाजूला झाल्या आणि गाडीबाईंना म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे. नेमकी तेव्हाच त्यांच्या विमानाची घोषणा झाली, उरलेल्या प्रवाशांनी ताबडतोब यावं. गणवेशातला एक माणूस पट्टी उचलून त्या विमानाच्या लोकांना हाका मारू लागला. गाडीबाईंनी पाऊल उचललं आणि मागे बघितलं. विहीणबाई यंत्राकडे बघत नव्हत्या. आल्या त्या दाराकडे बघत होत्या. तेव्हा कुठे गाडीबाईंच्या डोक्यात उजेड पडला. ही बाई मोठेपणा मिरवत नव्हती. ही एकेक माणूस पुढे काढून हळूहळू घरी परत चालली होती.

विहीणबाईंनी ते कबूलही केलं. तिकिटं, बॅगा, खिडक्या, सगळं हे बघायचे. हे गेल्यापासून एकटीने शहराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मुलाला वाटलं जमेल, निघेपर्यंत त्यांनाही वाटलं. पण आता हे सगळं पार करायचं, तिकडे उतरायचं आणि पुन्हा दवाखान्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं. नाही होणार माझ्याने, असं म्हणून त्यांनी हात पुढे केले. हात थरथरत होते.

घोषणा परत झाली. गाडीबाईंना सरळ निघून जाता आलं असतं आणि कुणी नावं ठेवली नसती. लेकीला शब्द दिलेला होता, विमान सुटत होतं. पण अशी थरथरणारी माणसं हा तर त्यांचा रोजचा धंदा. भर चौकात स्टिअरिंग सोडून रडलेली कितीतरी माणसं त्यांनी घरी नीट पोचवली होती. घाबरलेल्याला समजावत बसायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी विहीणबाईंच्या हातातली बॅग काढून घेतली, शिकवताना जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसत तशा अगदी शेजारी उभ्या राहिल्या, आणि क्लासच्या आवाजात म्हणाल्या,

“दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. तुम्ही फक्त समोर बघा.”

आणि मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. वाका, पट्टीखालून. चपला ट्रेमध्ये. मागे नाही बघायचं, मागचं मी बघते. तपासणीच्या कमानीपाशी विहीणबाई अडखळल्या तर गाडीबाई मागून म्हणाल्या, घाई नाही, सावकाश, हां, आता जाऊ द्या. विहीणबाई पार झाल्या आणि कमान चकार शब्द बोलली नाही. मग गाडीबाई शिरल्या आणि तिने बोंब ठोकली. त्यांच्या खिशात क्लासच्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या निघाल्या. म्हणजे चार दिवस क्लास सांभाळायला मागे ठेवलेला नवरा आता लोकांना पायीच गाडी शिकवणार होता. विहीणबाई चपला घालता घालता हसल्या. वर्षभराने गाडीबाईंनी ते हसू बघितलं, आणि पलीकडे टक्कलवाल्या गृहस्थांनी बिस्किटाचा पुडा काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

धापा टाकत दोघी विमानात शिरल्या. जागा शेजारीशेजारीच होत्या, जावयाने तेही बघून ठेवलं होतं. पट्टे बांधून होतात न होतात तोच गाडीबाईंचा फोन वाजला. लेकीचा. गाडीबाई फोन कानाला लावत नसत, स्पीकर लावून तोंडासमोर धरून बोलत, त्यामुळे पलीकडचं बोलणं अख्ख्या ओळीला ऐकू येई.

आई, बसलीस का, एवढं विचारून लेकीचा आवाज चिरकला. अहो आईंचा मेसेज आलाय, म्हणाली. लेक आईला आई म्हणे आणि सासूला अहो आई. त्याही तुझ्याच विमानाने येणार होत्या, आम्ही तुला सांगितलं नव्हतं. आता जमणार नाही म्हणून कळवलंय. मला तुम्ही दोघी हव्या होतात गं. तू त्यांना रांगेत काही बोललीस का?

गाडीबाईंनी शेजारी बघितलं. विहीणबाईंची मान खाली गेली होती. मेसेज त्यांनी रांगेतूनच धाडला होता आणि नंतरच्या धावपळीत त्याचा विसर पडला होता. आता खरं सांगावं तर त्यांची भीती सुनेपुढे उघडी पडणार. तेव्हा गाडीबाईंनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली.

“हो, बोलले मी,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं. पण त्या आल्यात. माझ्या शेजारी बसल्यात.”

लेकीने तोफ डागली. आजच्या दिवस तरी जिभेला आवर घालायचा होतास, तुझं नेहमीचंच आहे, आणि असं बरंच काही. गाडीबाई मूग गिळून ऐकत राहिल्या. एवढ्यात विहीणबाईंनी हात पुढे केला आणि फोनच काढून घेतला.

“आईला रागावू नकोस,” त्या म्हणाल्या. “त्यांनी काही केलं नाही. मी घाबरले होते. परत घरी चालले होते, त्यांनी आणलं मला.”

लेकीची तोफ थंडावली. मग लेक अगदी हळू बोलू लागली.

“अहो आई, मीपण खूप घाबरलेय. सकाळपासून नुसती रडतेय. आईला नका सांगू हं. तिच्यापुढे घाबरलेलं चालत नाही.”

गाडीबाईंनी शब्द न् शब्द ऐकला. शहरभरच्या परक्या माणसांची भीती त्यांनी शेजारी बसून घालवली होती, आणि पोटची पोर त्यांच्यापासूनच ती लपवत होती. त्यांना एकदम भडभडून आलं, ते त्यांनी कसंबसं खोकल्यावर नेलं. विहीणबाईंनी विचारल्यासारखं बघितलं. गाडीबाईंनी हाताने खूण केली, मी ऐकलं नाही म्हणून सांगा.

“नाही, त्यांना नाही ऐकू आलं,” विहीणबाई फोनमध्ये म्हणाल्या. “तू बोल. कशाची भीती वाटतेय ते सगळं सांग मला.”

आणि लेक बोलत सुटली. विमान हलायची वेळ झाली, तशी गणवेशातली मुलगी येऊन म्हणाली की फोन बंद करा, तुमच्यामुळे सगळे थांबलेत. विहीणबाई गडबडून फोन ठेवायला निघाल्या. गाडीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“थांबू देत थोडं,” गणवेशातल्या मुलीला त्या म्हणाल्या. “माझी पोरगी घाबरलीय. तिचं बोलून होऊ दे.”