तुमच्या लग्नात आम्ही दिसणार नाही

वेबसाइटवर चांगलं वाक्य लिहायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे आहे असं मी आजही मानते. कुणी काही म्हणो.

माझे धाकटे दीर लग्नांचे फोटो काढतात. हातात कला आहे, पण फोन काही वाजायचा नाही. हा हंगाम कोरडा गेला तर कॅमेरा विकून थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, फरशीच्या दुकानात बसायचं असं घरात ठरलं होतं. भाऊजी आधी एकदा तिथे बसून आले होते. गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा वर घ्या" म्हणायचे आणि फरशी दाखवायचंच राहून जायचं. त्यात दोघा भावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पुन्हा तेच नशिबी आलं असतं तर हा माणूस झुरून गेला असता, आणि मला ते बघवलं नसतं.

दुकानांच्या वेबसाइट लिहून देणं हा माझा धंदा. बसले गावातल्या सगळ्या फोटोवाल्यांच्या वेबसाइट वाचत. जो तो क्षण टिपतोय, आठवणी जपतोय. अरे, क्षण म्हणजे काय शाई सांडलीय टिपायला? मी भाऊजींना बजावलं, आपण क्षण टिपायचा नाही. फक्त तुमच्यात जे आहे तेच सांगायचं. आता त्यांच्यात काय आहे? काडीसारखा देह आणि मांजराची चाल. बाकीचे फोटोवाले पाहुण्यांच्या तोंडासमोर पाठ करून उभे राहतात, भाऊजी कुठून फोटो काढतात ते कळतसुद्धा नाही. झालं, सुचलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत टाकलं: "तुमच्या लग्नात आम्ही दिसणार नाही."

फोन वाजायला लागले. यायचंच नाही तर धंदा कशाला मांडलाय, असं लोक विचारत होते. एकाने तर, घरीच बसणार आहात तर आमच्याकडूनही आशीर्वाद घ्या, म्हणून फोन आपटला. माझ्या नवऱ्याने दुकानात भावासाठी खुर्ची पुसून ठेवली.

हंगामातलं एकच लग्न हाताशी होतं. त्या मुलीचे वडील तिला घेऊन स्टुडिओत आले, चांगलेच तापलेले. भाऊजींनी समजावलं, "आम्ही असतो, काका. फक्त दिसत नाही." ते ऐकून काका उलट घाबरलेच. मग मी तोंडाचा पट्टा सोडला आणि वाक्याचा खरा अर्थ त्यांच्या गळी उतरवला. ते पाणी प्यायला बाहेर गेले तशी मुलगी खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली,

"असं दुसऱ्या कुणाला न दिसू देणं जमतं का? माझी आत्या आहे."

ही आत्या म्हणे प्रत्येक फोटोत मधोमध घुसते आणि नवरीला बाजूला सारते. भाऊजींनी जरा विचार केला आणि जमेल म्हणाले.

आणि जमलं की! खाडाखोड नाही, कापाकापी नाही. हा पठ्ठ्या नुसती उभं राहायची जागा बदलायचा. आत्याबाईंच्या पुढे कधी फुलदाणी यायची, कधी एखादे उंच काका. मुलीने मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी आयांना. मी वाक्यातलं "आम्ही" काढून तिथे "नको ते" घातलं, आणि हंगाम तुडुंब भरला. नवरीकडचे नवऱ्या मुलाच्या काकांबद्दल कानात सांगायचे, काका नवरीच्या मामांबद्दल. एका लग्नात तर सगळ्यांच्या एकत्र फोटोत शेवटी खुर्च्या लावणारा माणूस तेवढा उरला. छान हसलाय बिचारा.

मग माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न आलं. फोटो अर्थातच भाऊजींचे. मी काय कमी राबले त्या लग्नात? पत्रिकेतली वाक्यं मी दुरुस्त केली, फुलं मी हलवली, कुणी कुठे बसायचं ते मी सांगितलं. नवऱ्या मुलाच्या भाषणातलं व्याकरणसुद्धा मी तिथल्या तिथे सुधारलं. अल्बम घरी आला. मी पानं उलटली, पुन्हा उलटली. एका पानावर माझी पर्स होती.

"भाऊजी, मी कुठे आहे?"

ते नखं बघत राहिले. कुणी सांगितलं ते विचारू नका, म्हणाले, धंद्यातला शब्द आहे. बरं, किती जणांनी, ते तरी सांगा, म्हटलं.

"सगळे वेगवेगळे आले होते, वहिनी. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत."

माझा नवरा उठून खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मला जिव्हारी लागलं, खोटं कशाला बोलू? डोळे भरून आले. ते बघून भाऊजींचा चेहरा पार उतरला. म्हणाले, तुम्ही सांगा, हा प्रकार आजपासून बंद, मी दुकानात बसतो. आणि बसले असते हो, माणूस तसाच आहे.

"गप्प बसा," मी डोळे पुसत म्हटलं. "पुढच्या महिन्यात माझ्या माहेरी भाचीचं लग्न आहे. तिथे ह्यांना दिसू देऊ नका."