शेरडं सोडायची वेळ

मालकांच्या डोळ्यांत आता लख्ख उजेड तेवढा उरला होता. माणूस दिसत न्हाई, दार दिसत न्हाई, ऊन तोंडावर आलं तर कळतं. भोरच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय, गेलेलं परत यायचं न्हाई, उरलेलं होळीपतूर जाईल. त्यात खुब्याचं हाड मोडलेलं. खाटंवरनं हलवलं की माणूस बोंबलायचा, आंगणात आणायची सोय न्हाई. आन आमचं घर वेल्ह्याच्या पार वरच्या अंगाला, आडव्या पावसाच्या भ्यानं खिडक्याच न ठेवलेलं. भर दुपारी चूल चाचपून पेटवायची.

मालकांनी जन्मात माझ्याकडं काही मागितलं न्हाई. आता म्हणाले, "भागे, सकाळचं ऊन तोंडावर पडंल अशी जागा दे. हाय तवर बघतो."

म्हणून एक खोली वाढवायची ठरली. नात वर्षाराणी पुण्यात घरांचे नकाशे काढायचं शिकते. चैत्रात आली आन लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. पडद्यावर काडेपेटीएवढी खोली, आत खाट. तिनं बोट फिरवलं की उनाचा पट्टा भिंतीवरनं खाली सरकायचा. हा पौष, हा फाल्गुन, असं दाखवायची.

"अगं, पाया खणला न्हाई आन ऊन कुठनं आणलंस?"

"तेच तर, आज्जे. भिंत उभी राहायच्या आधी बघायचं. इथं खिडकी सरकवायला गवंडी लागत नाही."

"आमी गोठा बांधला तवा कुठलं मशीन हुतं?"

"म्हणूनच तुझे बैल अंधारात उभे असतात."

पोरगी माझ्यावरच गेलीया.

मग म्हणाली, "सूर्य कुठल्या दिवशी कुठं असतो, ते याला ठाऊक असतं. पण आपला डोंगर याला ठाऊक नाही, तो मला घालावा लागतो. ऊन डोंगरावरनं खाली कधी उतरतं?"

"शेरडं सोडायच्या टायमाला."

"बाराही महिने?"

"बाराही महिने. साठ वर्सं बघतीया, मला काय परत परत इचारतीस?"

तिनं आठ लिहिलं. आकडे मला वाचता येतात. चैत्रात आमी आठालाच शेरडं सोडतो. पोरगी सुट्टीला यायची तीबी उन्हाळ्यातच, तिनं दुसरी वेळ कधी बघितलीच नव्हती.

दिवाळीला खोली झाली. पूर्वेला मोठी खिडकी, पावसासाठी वर लांब छज्जा. मालकांना एकदाच, बोंबलत का हुईना, खाटंसकट तिथं हलवलं. मार्गशीर्षात ते उजाडल्यापासून खिडकीकडं तोंड करून पडायचे.

"आलं का?"

"येतंय."

आलं ते दहा वाजून गेल्यावर, दक्षिणेकडं सरकून, वरनं. छज्ज्यानं अडवलं. आंगणात ऊन, गोठ्यावर ऊन, खाटंवर न्हाई.

त्याच दिवशी शेरडं सोडताना मला कळलं. थंडीत गवतावर दव असतं. ओलं गवत खाल्लं की शेरडांची पोटं फुगतात, म्हणून ऊन उतरल्याबिगर आमी सोडत न्हाई. उन्हाळ्यात सूर्य खिंडीतनं येतो, थंडीत डोंगराच्या खांद्याआडनं. सोडायची वेळ तीच, घड्याळ निराळं. हे म्या बोलायला पायजे हुतं.

माझा ल्योक समर्थ फोनवर पोरीला बोलला, "तुज्या लॅपटॉपच्या नादानं खिडकी चुकीच्या जागी बसली बघ."

ती रडत होती. "काका, माझंच काहीतरी चुकलं."

म्या शेजारीच उभी हुते. म्हणाले, "मशीनच्या नादी लागलं की असंच."

पोरगी महिनाभर आकडे तपासत बसली. सापडंना. कुठनं सापडंल? चूक तिच्या मशीनमधी नव्हतीच.

हिकडं मालक रोज इचारायचे. एक दिवस म्या सांगून टाकलं, "आलं बघा, तोंडावर पडलंय."

ते म्हणाले, "मग गार का लागतंय?"

त्या दिवशी म्या वर्षाला फोन लावला. "थंडीत आमी शेरडं दहाला सोडतो," म्हणाले.

ती मग म्हणाली, "आज्जे, हे तुला कधी कळलं?"

"मार्गशीर्षात."

"आणि आज पौष संपला."

जन्मभर माझ्या तोंडाला कुणी लागलं न्हाई. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं समर्थच्या मोबाईलवर चित्र पाठवलं, दक्षिणेची भिंत कुठं फोडायची त्याचं.

गवंडी किकवीच्या कामावर अडकलेला. तो येऊन भिंत फुटेपतूर अर्धा माघ सरला. वर्षाराणी पण आली, खाटंच्या पायथ्याशी उभी राहिली. ऊन आलं, मालकांच्या कपाळावरनं डोळ्यांवर उतरलं. डोळे उघडे हुते. पापणी हलली न्हाई.

त्यांनी गालाला हात लावला. "भागे, शेकोटी कुणी पेटवली ग घरात?"

वर्षानं माझ्याकडं बघितलं.

"म्या," म्हणाले.

"बरी हाय. इझवू नगंस एवढ्यात."

"न्हाई इझवत."

वर्षा बाहेर निघून गेली. म्या खाटंच्या कडंला बसले आन ऊन सरकंपतूर त्यांचा हात धरून ठेवला.