बंबाखूच्या अळ्या

बंबाखू हे वांग्याच्या मुळांवर जगणारं तण. हिरवं पान नाही, स्वतः काही कमवायचं नाही, आणि बी मात्र लाखांनी धरायचं. तापीकाठच्या कौसाबाईच्या दहा गुंठ्यांत ते तीन वर्षं येत होतं. नवऱ्यामागे तिच्या हाती एवढाच तुकडा, आणि त्यावरही नाव दिराचं, भिलाचं. सदतीस सालच्या पोळ्याला त्यानं बजावलं, "वहिनी, यंदा वांगी गयी ते त्या वावरमा मी कपाशी लावसू."

कौसाबाईनं भुईमुगाची पेंड भिजवून झाडाझाडाच्या बुडाशी घातली. पोसलेल्या वांग्याखाली बंबाखू कमी फुटतो, हे तिनं पाहिलं होतं. पौषात जो आला, त्याची बोंडं ती फोडून बघे. काहींत बारीक पांढऱ्या अळ्या बी फस्त करत. निरोगी ताटं ती उपटून जाळी आणि किडलेली उभी ठेवी. अळ्यांच्या माश्या होतील, पुढच्या बंबाखूवर बसतील, असा तिचा हिशेब. तण राखणारी म्हणून बायका हसायच्या. हसणाऱ्यांची वांगी काही फार बरी नव्हती.

ती नंदुरबारच्या बाजाराला गेली, त्या दिवशी भिलानं तिच्या वावरातला बंबाखू, किडका आणि निरोगी सगळाच, पिकल्या बोंडांसकट उपटला. बांधाकडेची चार किडकी ताटं तेवढी नजरेतून सुटली. माणूस वाईट नव्हता. विचारायची सवय नव्हती, एवढंच.

"कोठे टाकं?" तिनं विचारलं.

"मन्हा उकिरडावर. खत व्हई जाई."

तिला रडूच आलं. हे बी कुजत नाही, असं तिनं सांगितलं, तर तो हसला.

वांगी बरी आली आणि कपाशी एक वर्ष टळली. पावसाळ्यात भिलानं ते खत स्वतःच्या वांग्यांना घातलं. पुढच्या पौषात त्याच्या सऱ्यांत बंबाखूच बंबाखू. कौसाबाईकडे पंधरा-वीस ताटं, त्यांतली बहुतेक किडलेली.

"वहिनी, त्या अळ्या मले द्या," तो म्हणाला.

तिनं किडक्या ताटांची टोपली भरली, त्याच्या बांधापर्यंत आली आणि थांबली. "ते दहा गुंठा वावर मन्हं शे, असं म्हना."

भिलानं होकारानं मान हलवली.

"मान नका हालवू, भाऊ. पंचस्ना समोर बोला."

तो पारावर गेला, ती टोपली घेऊन मागोमाग; वावर वहिनीचं, असं तो चार माणसांत बोलला. इतकी वर्षं आपण मागितलंच नाही, याचा कौसाबाईला स्वतःचाच राग आला. त्याचं बोलणं संपेपर्यंत तिनं टोपली खाली ठेवली नाही.